गेमच्या ऐन रंगात पीसी का कोसळतो?

२०२४ मध्ये जगभरच्या पीसी गेमर्सना एकच संदेश छळत होता. गेम उघडला की पडद्यावर यायचं, 'व्हिडिओ मेमरी संपली', आणि गेम बंद. संदेशात व्हिडिओ मेमरी म्हटलंय म्हणजे दोष ग्राफिक्स कार्डाचा, असं समजून लोकांनी ड्रायव्हर (विंडोज आणि कार्ड यांच्यातलं दुभाषी सॉफ्टवेअर) बदलले आणि कार्डावर संशय धरला. कार्डात मेमरी भरपूर शिल्लक होती. दोष निघाला इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या प्रोसेसरमध्ये. गेम सुरू होताना दाबून ठेवलेल्या फाइल्स उलगडण्याचं काम प्रोसेसर करतो. तिथे हिशेब चुकला, चुकीचा आकडा पुढे सरकला आणि तो जिथे पकडला गेला तिथे बिचाऱ्या कार्डाचं नाव लागलं.

कोसळणाऱ्या पीसीची पंचाईत हीच आहे. पडद्यावरचा संदेश बिघाड कुठे दिसला ते सांगतो, तो कुठे झाला ते सांगेलच असं नाही. त्यामुळे संदेश वाचून थेट नवीन पार्ट मागवणं हा सगळ्यात महागडा उपाय ठरतो. आधी पीसी नेमका कसा पडतो ते पाहायचं, मग एका वेळी एकच गोष्ट बदलायची.

दिवसभर ऑफिसचं काम चालतं, मग गेमच का बंद पडतो?

कारण ऑफिसच्या कामात पीसीची परीक्षाच होत नाही. ब्राउझर, एक्सेल, यूट्यूब यांत ग्राफिक्स कार्ड जवळजवळ झोपलेलं असतं. आरटीएक्स ४०७० सारखं कार्ड अशा वेळी जेमतेम काही वॅट घेतं, गेममध्ये तेच २०० वॅटपर्यंत जातं. प्रोसेसर, रॅम, एसएसडी आणि वीज पुरवणारा एसएमपीएस या सगळ्यांवर एकाच वेळी ताण येतो. शिवाय तो ताण एकसारखा नसतो. मेनू, लोडिंग, मोकळं मैदान, मग अचानक स्फोट, असा तो सेकंदासेकंदाला वर-खाली होतो. एखादा पार्ट काठावर असेल तर तो इथेच पडतो.

'एकाच गेमला होतं, बाकीचे नीट चालतात' यावरूनही पीसी निर्दोष ठरत नाही. तो गेम बाकीच्यांपेक्षा जड असू शकतो. मात्र तोच गेम ठरावीक प्रसंगाला, ठरावीक दारापाशी दर वेळी बंद पडत असेल आणि विंडोज शाबूत राहत असेल, तर गेमच्या फाइल्स खराब असण्याची शक्यता मोठी. स्टीममध्ये गेमच्या प्रॉपर्टीजमध्ये फाइल्स पडताळण्याची सोय आहे, ती आधी वापरा. हार्डवेअरचे दोष इतके वक्तशीर नसतात.

आधी पडण्याची तऱ्हा ओळखा

पीसी चार तऱ्हांनी पडतो, आणि प्रत्येक तऱ्हेचे संशयित वेगळे.

पहिली तऱ्हा: पट्कन अंधार. आवाज, पंखे, दिवे सगळं एकदम बंद, किंवा क्षणात रिस्टार्ट. निळा पडदा नाही, संदेश नाही. इथे पहिला संशय विजेवर, दुसरा प्रोसेसरच्या उष्णतेवर. त्यातही पीसी बंद पडल्यावर बटण दाबूनही सुरू होत नसेल आणि एसएमपीएसच्या मागचा स्विच बंद करून थोड्या वेळाने लावल्यावरच जिवंत होत असेल, तर निदान बरंचसं झालं: एसएमपीएसने जादा भार पाहून स्वतःला तोडून घेतलं.

दुसरी तऱ्हा: पडदा काळा, पण आवाज चालू. मित्र हेडफोनमधून बोलतोय, तुमचंही त्याला ऐकू जातंय, चित्र मात्र गेलं. कधी कार्डाचे पंखे पूर्ण वेगाने किंचाळू लागतात. हे ग्राफिक्स कार्ड, त्याची वीजजोडणी किंवा ड्रायव्हर यांपैकी एकाचं काम.

तिसरी: निळा पडदा. खाली इंग्रजीत एक कोड असतो, त्याचा फोटो काढून ठेवा. चौथी: गेम गायब होतो आणि तुम्ही डेस्कटॉपवर येता, पीसी ठीक असतो. या दोन्हींत रॅम, ड्रायव्हर, ओव्हरक्लॉक (पार्ट ठरल्यापेक्षा जास्त वेगाने पळवणं) आणि क्वचित प्रोसेसर, असे सगळेच रांगेत उभे राहतात.

निळा पडदा वाचण्याआधीच पीसी रिस्टार्ट होत असेल तर स्टार्टमध्ये रन शोधून उघडा आणि 'sysdm.cpl' ही आज्ञा टाका. ॲडव्हान्स्ड टॅबमध्ये स्टार्टअप अँड रिकव्हरीच्या सेटिंग्जमध्ये 'ऑटोमॅटिकली रिस्टार्ट' समोरची खूण काढा. आता निळा पडदा आला की तिथेच थांबेल.

विंडोजची नोंदवही काय सांगते

स्टार्टमध्ये इव्हेंट व्ह्यूअर शोधा, विंडोज लॉग्जमधलं सिस्टिम उघडा आणि पीसी पडला त्या मिनिटाच्या आसपासच्या लाल नोंदी पाहा.

'कर्नल-पॉवर ४१' ही नोंद पाहून अनेक जण सरळ नवा एसएमपीएस घेऊन येतात. या नोंदीचा अर्थ एवढाच की मागच्या वेळी विंडोज नीट बंद झालं नव्हतं. घरातली लाइट गेली तरी हीच नोंद पडते. तिच्या डिटेल्स टॅबमध्ये बगचेक कोड, म्हणजे निळ्या पडद्याचा कोड, पाहा. तो शून्य असेल तर विंडोजला काही लिहायलाही सवड मिळाली नाही, म्हणजे वीज किंवा हार्डवेअरकडे बघा. शून्य नसेल तर निळा पडदा येऊन गेलाय.

'डिस्प्ले ४१०१' ही नोंद म्हणजे कार्डाने ठरलेल्या वेळात उत्तर दिलं नाही, म्हणून विंडोजने ड्रायव्हर झटकून पुन्हा उभा केला. ही मुदत मुळात २ सेकंदांची असते. रजिस्ट्रीत जाऊन ती वाढवा, असा सल्ला हमखास मिळतो. त्याने कार्ड का अडकलं हे कळत नाही. पूर्वी दोन सेकंदांत होणारा गोंधळ आता दहा सेकंद चालतो, एवढाच फरक.

'डब्ल्यूएचईए-लॉगर' या नावाच्या नोंदी दिसल्या तर त्या गांभीर्याने घ्या. इथे हार्डवेअर स्वतःच चूक कबूल करत असतं. १८ क्रमांक म्हणजे जीवघेणी चूक, १९ म्हणजे झालेली पण जागच्या जागी सुधारलेली. १९ च्या नोंदी रोज पडत असतील तर प्रोसेसर किंवा रॅम काठावर चालतेय, मग पीसी अजून पडलेला नसला तरी.

'एसएमपीएस ७५० वॅटचा आहे, मग वीज कशी कमी पडेल?'

डब्यावरचा वॅटचा आकडा सलग भाराचा असतो. आधुनिक ग्राफिक्स कार्ड मात्र सलग खात नाही. सेकंदाच्या अगदी छोट्या अंशासाठी ते सरासरीच्या दुपटीच्या आसपास उसळी मारू शकतं. सोसायटीची पाण्याची मोटर सुरू होताना घरातले दिवे क्षणभर मंद होतात, तशी ही उसळी. मोटर फिरू लागली की सगळं पूर्ववत, पण त्या क्षणाला जोडणी कच्ची असेल तर फ्यूज उडतो. २०२० मध्ये आरटीएक्स ३०८० आणि ३०९० आली तेव्हा चांगल्या कंपन्यांचे एसएमपीएसही अशा उसळ्यांना घाबरून बंद पडू लागले. म्हणून २०२२ च्या एटीएक्स ३.० मानकात अट आली की एसएमपीएसने १०० मायक्रोसेकंदांपुरता आपल्या क्षमतेच्या दुप्पट भार सोसला पाहिजे. तुमचा एसएमपीएस त्याआधीचा असेल, किंवा कॅबिनेटसोबत फुकट आलेला असेल, तर ७५० चा आकडा फार मनावर घेऊ नका.

याची फुकट चाचणी आहे. एमएसआय आफ्टरबर्नर हे सॉफ्टवेअर कोणत्याही कंपनीच्या कार्डावर चालतं. त्यात पॉवर लिमिट ७० टक्क्यांवर आणा, गेममध्ये फ्रेम्स (सेकंदाला दिसणारी चित्रं) ६० वर बांधा आणि खेळा. क्रॅश थांबले तर संशय वीज किंवा कार्ड यांवर आला. मग कोर क्लॉक, म्हणजे कार्डाचा वेग, ५० ते १०० मेगाहर्ट्झने खाली आणून पॉवर लिमिट पुन्हा १०० करा. असंही चालत असेल तर एसएमपीएस सुटला. कार्ड कारखान्यातूनच जरा जास्त ताणून आलंय किंवा आता थकलंय.

केबलींकडे लोक बघतच नाहीत. मदरबोर्डचा स्लॉट कार्डाला ७५ वॅट देतो, आठ पिनांची प्रत्येक जोडणी १५० वॅट. कार्डाला अशा दोन जोडण्या असतील तर एसएमपीएसमधून दोन स्वतंत्र केबल आणा. एकाच केबलला पुढे दोन तोंडं असतात, ती दोन्ही खोचून मोकळं होणं सोपं, पण सगळा भार एका तारेवर पडतो. सोळा पिनांचा नवा कनेक्टर असेल तर तो शेवटपर्यंत आत बसलाय का ते टॉर्च लावून पाहा, आणि तोंडाजवळ केबल लगेच वाकवू नका. आरटीएक्स ४०९० च्या वेळी अर्धवट बसलेले कनेक्टर वितळले होते. आणखी एक: जुन्या एसएमपीएसच्या केबल नव्याला लावू नका, कंपनी तीच असली तरी. टोक जुळतं, आतल्या पिनांचा क्रम जुळेलच असं नाही, आणि हार्ड डिस्क-एसएसडी कायमच्या जातात.

एसएमपीएस स्वतः मात्र कधीच उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वर दाब काही काळ टिकून असू शकतो.

भिंतीपलीकडची वीज

आपल्याकडे दोष कॅबिनेटच्या बाहेर असण्याची शक्यता बरीच असते, आणि परदेशी व्हिडिओंत हा भाग येत नाही. घरोघरी दिसणारा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटच देतो. आता हिशेब करा: २०० वॅटचं कार्ड, पूर्ण भारावर ८८ वॅट घेणारा रायझन ५ ७६००, बाकी बोर्ड, पंखे, एसएसडीला ५० धरा. झाले ३३८. एसएमपीएसमध्ये दहा टक्के वाया जातात, म्हणजे भिंतीतून ३७५ च्या आसपास. त्याच यूपीएसवर ३० वॅटचा मॉनिटर. चारशे ओलांडले. यूपीएस एक बीप देऊन हात वर करतो आणि आपण ग्राफिक्स कार्डाला शिव्या देतो. लाइट असताना चालतं आणि नेमका बॅटरीवर जाताना पीसी रिस्टार्ट होतो, ही तर जुनी तक्रार. स्वस्त यूपीएस बॅटरीवर शुद्ध साइन लहर देत नाहीत, आणि काही एसएमपीएसना ती ठोकळेबाज लहर पचत नाही.

दोन दिवस पीसी थेट भिंतीच्या १६ अँपिअरच्या सॉकेटला लावून खेळा, मध्ये यूपीएस नको, एक्स्टेंशन बोर्डही नको. फरक पडला तर उत्तर मिळालं. संध्याकाळी सात ते दहाच्या दरम्यानच क्रॅश होत असतील तर त्या वेळी व्होल्टेज किती येतं ते इलेक्ट्रिशियनकडून मोजून घ्या. २३० च्या जागी १८० येणारी घरं अजून आहेत. आणि कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर अर्थिंग नाही. ते काम क्रॅशशी संबंध असो-नसो, आधी करून घ्या.

'तापतोय म्हणून बंद पडत असेल'

हा संशय सगळ्यात आधी येतो आणि बऱ्याचदा चुकीचा असतो. आजचे प्रोसेसर आणि कार्ड तापले की आधी वेग कमी करतात. इंटेलच्या बहुतेक डेस्कटॉप प्रोसेसरची मर्यादा १०० अंश, रायझन ७००० ची ९५, त्यातल्या एक्स३डी प्रकारांची ८९. तिथे पोचल्यावर गेम अडखळायला लागतो, फ्रेम्स पडतात. न अडखळता एकदम बंद पडणारा पीसी उष्णतेमुळे बंद पडतोय असं सहसा नसतं. अपवाद एक: कूलर सुटलाय किंवा वॉटर कूलरचा पंप मेलाय. तेव्हा तापमान काही सेकंदांत वर जातं आणि प्रोसेसर जीव वाचवायला वीज तोडतो.

अंदाज बांधण्यापेक्षा मोजा. एचडब्ल्यूइन्फो हे फुकट सॉफ्टवेअर तापमानाची नोंद फाइलमध्ये करत राहतं. पीसी पडल्यावर त्या फाइलची शेवटची ओळ वाचायची. कार्डात सरासरी तापमानासोबत हॉटस्पॉटचा, म्हणजे सगळ्यात गरम जागेचा, आकडा दिसत असेल तर दोन्हींतला फरक पाहा. पंधरा-वीस अंश चालतात, तीसच्या पुढे गेला तर कार्डाच्या आतली थर्मल पेस्ट वाळलीय किंवा सरकलीय.

खोलीचं तापमान जवळजवळ जसंच्या तसं आत जमा होतं. पुण्यात डिसेंबरमध्ये ७० अंशांवर चालणारं कार्ड मे महिन्यात चंद्रपूरच्या ४२ अंशांच्या खोलीत नव्वदीत जाईल, त्यात कार्डाचा दोष नाही. बाजूचा पत्रा काढून टेबल फॅन लावून पाहा. तेवढ्याने क्रॅश थांबले तर जाळ्यांतली धूळ काढा आणि कॅबिनेट भिंतीपासून हातभर पुढे ओढा. ब्लोअर मारताना पंखे बोटाने धरून ठेवा, भन्नाट फिरू देऊ नका.

रॅम: डब्यावरचा वेग ही हमी नसते

रॅमच्या पाकिटावर ६००० लिहिलेलं असतं, पण डीडीआर५ रॅम पीसीत लावल्यावर बहुधा ४८०० वर चालते. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी चालणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंग्जमध्ये, जाऊन एक्सएमपी किंवा एक्स्पो नावाचं प्रोफाइल लावल्यावर ती ६००० वर जाते. हे प्रोफाइल म्हणजे कंपनीने सुचवलेलं ओव्हरक्लॉकच. रॅमला ते झेपेल, पण प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरला झेपेल का, हा वेगळा प्रश्न. एएमडी रायझन ७००० साठी दोन पट्ट्यांवर अधिकृत वेग ५२०० सांगते, आणि चार पट्ट्या लावल्या तर थेट ३६००. दोन पट्ट्यांवर छान चाललेला पीसी 'अजून १६ जीबी टाकू' म्हटल्यावर कोसळू लागतो, तो यामुळे.

म्हणून चाचण्यांत सगळ्यात आधी करण्यासारखी, आणि सगळ्यात कमी केली जाणारी, गोष्ट ही: बायोस मूळ सेटिंग्जवर आणा आणि एक्सएमपी बंद ठेवून दोन-तीन दिवस खेळा. डीडीआर५ मध्ये असा बदल केल्यावर पहिल्यांदा सुरू होताना पडदा काही मिनिटं काळाच राहू शकतो. बोर्ड रॅमशी जुळवून घेत असतो, घाबरून बटण दाबू नका. क्रॅश थांबले तर बायोस अपडेट करून प्रोफाइल पुन्हा लावून पाहा, नाही जमलं तर ६००० च्या जागी ५६०० ठेवा. गेममध्ये फरक शोधावा लागेल.

मूळ वेगावरही पडत असेल तर मेमटेस्ट८६ प्लस पेनड्राइव्हवर टाका, त्यावरून पीसी सुरू करा आणि रात्रभर चालू द्या. एकही चूक निघाली तर ती खरी धरा. 'एकच तर आहे' असं इथे चालत नाही. मग एकेक पट्टी वेगळी तपासा. दोन पट्ट्या असतील तर बहुतेक बोर्डांत त्या प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसतात. कोकणात, गोव्यात दमट हवेने पट्टीच्या सोनेरी कडेवर थर बसतो. टेक्निशियन ती खोडरबराने पुसतो, हलक्या हाताने केलं तर ते ठीक आहे. रबराचा चुरा खाचेत मात्र जाऊ देऊ नका.

मेमटेस्ट पास झालं म्हणजे रॅम सुटली असंही नाही. त्या चाचणीत ग्राफिक्स कार्ड थंड असतं. गेममध्ये त्याचा गरम झोत रॅमवरून जातो, आणि काठावरची पट्टी तेव्हाच चुकते.

इंटेलच्या त्या दोन पिढ्या

तुमच्याकडे आय५-१३६०० के, १४६०० के, किंवा तेराव्या-चौदाव्या पिढीचा डेस्कटॉप आय७ अथवा आय९ असेल तर हा भाग तुमच्यासाठी. हे प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होते. उष्णता आणि जादा व्होल्टेज मिळून आतल्या घड्याळाच्या सर्किटची झीज व्हायची, आणि काही महिने ठणठणीत चाललेला प्रोसेसर हळूहळू चुका करू लागायचा. इंटेलने ऑगस्ट आणि सप्टेंबर २०२४ मध्ये मायक्रोकोड, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या सूचनांचे सुधारित संच दिले. ते मदरबोर्डच्या बायोस अपडेटमधून येतात. एचडब्ल्यूइन्फोमध्ये मायक्रोकोडचा आकडा १२बी किंवा त्यापुढचा दिसला पाहिजे.

अपडेटने पुढची झीज थांबते, झालेली भरून येत नाही. झीज झालीय का हे पाहायला इंटेलच्या एक्सटीयू सॉफ्टवेअरमध्ये परफॉर्मन्स कोअरचा गुणक, म्हणजे वेग ठरवणारा आकडा, दोनने खाली आणा, ५५ असेल तर ५३. तेवढ्याने 'व्हिडिओ मेमरी संपली' थांबलं तर प्रोसेसर गेलाय. तसाच हळू चालवत बसू नका. इंटेलने या प्रोसेसरची तीन वर्षांची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवलीय, बदलून मागा. खोक्याशिवाय सुटा (ट्रे) किंवा तयार पीसीसोबत आलेला असेल तर विक्रेत्याकडे जावं लागेल.

'फॉरमॅट मारून टाकू का?'

निळा पडदा किंवा गेम गायब होण्याच्या बाबतीत सॉफ्टवेअर तपासणं रास्त आहे, पण थेट फॉरमॅट कशाला? आधी ग्राफिक्स ड्रायव्हर मुळासकट काढा. इंटरनेट तोडा म्हणजे विंडोज मध्येच स्वतःचा ड्रायव्हर घुसवणार नाही, सेफ मोडमध्ये जा, डीडीयू हे ड्रायव्हर पुसून काढणारं साधन चालवा आणि मग आधीच उतरवून ठेवलेला ड्रायव्हर टाका. नवीनच टाकला पाहिजे असं नाही. २०२५ च्या सुरुवातीला आरटीएक्स ५० मालिकेसोबत आलेल्या एनव्हिडियाच्या ड्रायव्हरनी काळ्या पडद्याच्या भरपूर तक्रारी दिल्या. जो ड्रायव्हर पूर्वी नीट चालत होता तो चांगला. सोबत रॅम वाचवायच्या नादात पेजफाइल (रॅम अपुरी पडली की विंडोज डिस्कवर वापरतं ती जागा) बंद केली असेल तर ती पुन्हा ऑटोमॅटिकवर ठेवा. आणि गेम अडकून आवाज कर्कश घासत राहत असेल तर क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये एसएसडीची तब्येत पाहून घ्या.

पट्कन अंधार होणारा पीसी फॉरमॅटने सुधारत नाही. विंडोज काही लिहायच्या आत वीज जात असेल तर विंडोज पुन्हा टाकून काय होणार?

दुकानात नेण्याआधी

शेवटची चाळणी भार वेगळे करण्याची. ओसीसीटी या सॉफ्टवेअरमध्ये प्रोसेसर, कार्ड आणि दोन्ही एकदम ताणणारी पॉवर चाचणी अशा स्वतंत्र चाचण्या आहेत. प्रत्येक अर्धा तास चालवा, समोर बसून. फक्त प्रोसेसरवर पडला तर प्रोसेसर, रॅम, बोर्ड. फक्त कार्डावर पडला तर कार्ड, त्याच्या केबल किंवा ड्रायव्हर. दोन्ही एकेकटे तगले आणि एकत्र पडले, तर एसएमपीएस. मित्राकडून एक दिवस मागून आणायचा पार्ट निवडायचा झाला तर एसएमपीएसच आणा, त्याच्या स्वतःच्या केबलींसह.

दुकानदाराला 'गेम खेळताना बंद पडतो' एवढंच सांगितलं तर तो पीसी सुरू करून यूट्यूब लावतो आणि संध्याकाळी 'काही प्रॉब्लेम नाही' म्हणून परत देतो. कागदावर लिहून द्या: कोणत्या तऱ्हेने पडतो, कोणत्या चाचणीत किती मिनिटांनी, बगचेक कोड काय, आणि एक्सएमपी बंद असतानाही पडतो की नाही. वॉरंटीतला पार्ट असेल तर बिलासोबत या कागदाचा आणि इव्हेंट व्ह्यूअरचा फोटोही जोडा.